फ्रिक्वेन्सी हाच पत्ता: बहुबीम उपग्रहातून ट्रॅफिक नेमक्या बीममध्ये कसं उतरतं

प्रश्न थोडक्यात असा: नवी मुंबईत महाप्याला हब (उपग्रह जाळ्याचं जमिनीवरचं मुख्य केंद्र) आहे. तिथून जव्हार, गडचिरोली आणि कारवार इथल्या टर्मिनलांना (डिश आणि मोडेम असलेल्या छोट्या केंद्रांना) जोडायचं आहे आणि ही तिन्ही ठिकाणं उपग्रहाच्या वेगवेगळ्या बीममध्ये, म्हणजे जमिनीच्या ठरावीक तुकड्यावर पडणाऱ्या झोतांमध्ये, येतात (जव्हार हबच्याच बीममध्ये). उपग्रहावर डेटा उलगडून वाचणारा प्रोसेसर नाही. मग एका बीममधून वर गेलेलं ट्रॅफिक दुसऱ्या बीममध्ये उतरतं कसं? फ्रिक्वेन्सी प्लॅन कसा आखायचा? आणि प्लॅन कागदावर चोख असूनही लिंक का बिघडतात?

अशा उपग्रहावर तुम्ही कोणत्या फ्रिक्वेन्सीवर अपलिंक करता (जमिनीवरून वर पाठवता; खाली येतं ते डाउनलिंक), यावरच सिग्नल कुठे उतरणार ते ठरतं. ठाणे स्टेशनात कोणत्या फलाटावर उभे राहाल त्यावर गाडी वाशीला नेणार की कसाऱ्याला हे ठरतं, तसंच. पॅकेटच्या आत कोणता आयपी पत्ता आहे याच्याशी उपग्रहाला काही देणंघेणं नसतं. प्रत्येक अपलिंक बीमचा बँड फिल्टरांनी कापलेला असतो आणि प्रत्येक तुकडा एका ठरलेल्या डाउनलिंक बीमच्या ॲम्प्लिफायरला जोडलेला असतो. बस, एवढंच राउटिंग.

तीन बीमचं उदाहरण घेऊ. बीम 1 मध्ये महापे आणि जव्हार, बीम 2 मध्ये गडचिरोली, बीम 3 मध्ये कारवार. (हा नकाशा उदाहरणापुरता आहे, कोणत्याही खऱ्या उपग्रहाचा नाही.) प्रत्येक बीमला 250 मेगाहर्ट्झ मिळाले. त्याचे तीन स्लॉट पाडले की प्रत्येकी 83 मेगाहर्ट्झ येतात. त्यातले आठेक गार्ड बँडमध्ये, म्हणजे स्लॉटांमधल्या मोकळ्या फटीत, जातात आणि हातात 75 उरतात. आता कोणता स्लॉट कुठे जोडायचा? पहिल्या झटक्यात सुचतं ते म्हणजे ‘प्रत्येक बीमचा स्लॉट अ हा बीम 1 ला, ब हा बीम 2 ला, क हा बीम 3 ला’. असं केलंत की फसलात, कारण तिन्ही बीमचे अ स्लॉट एकाच फ्रिक्वेन्सीवर बीम 1 मध्ये उतरतील आणि एकमेकांवर आदळतील. म्हणून जोडणी फिरवून करतात:

बीम 1 वरून: अ → 1, ब → 2, क → 3
बीम 2 वरून: अ → 2, ब → 3, क → 1
बीम 3 वरून: अ → 3, ब → 1, क → 2

कोणताही एक डाउनलिंक बीम घेऊन पाहा. बीम 1 मध्ये पहिल्याचा अ, दुसऱ्याचा क आणि तिसऱ्याचा ब उतरतात. तिघांच्या जागा वेगळ्या. बीम 2 मध्ये ब, अ, क, आणि बीम 3 मध्ये क, ब, अ. म्हणजे सगळ्या उपग्रहासाठी एकच स्थानिक दोलक (फ्रिक्वेन्सी सरकवायला लागणारा स्थिर सिग्नल देणारं उपकरण) वापरून अपलिंक बँड जसाच्या तसा खाली सरकवला तरी टक्कर होत नाही. गणितात याला लॅटिन चौरस म्हणतात. महाप्याहून गडचिरोलीला पाठवायचं तर ब स्लॉट, गडचिरोलीहून महाप्याला परत यायचं तर क स्लॉट. जाण्याचा आणि येण्याचा स्लॉट एकच असेलच असं नाही. हे कॉन्फिगरेशन करणाऱ्याने डोक्यात पक्कं ठेवायला हवं.

इथे तिन्ही बीमना एकच बँड धरलाय, तो केवळ सोपं पडावं म्हणून. प्रत्यक्षात शेजारचे बीम एकाच फ्रिक्वेन्सीवर आणि एकाच ध्रुवीकरणावर (लहरीच्या कंपनाच्या दिशेवर) चालत नाहीत. चार रंगांची पद्धत रूढ आहे: दोन फ्रिक्वेन्सी ब्लॉक गुणिले दोन ध्रुवीकरणं. 500 मेगाहर्ट्झचं वाटप असेल तर बीमला 250 मिळतात आणि 32 बीम असले तर एकूण 8000 मेगाहर्ट्झ वापरता येतात, म्हणजे तोच 500 चा पट्टा सोळा वेळा. पण मग वेगवेगळ्या रंगांचे बीम जोडणीच्या जागी यायच्या आधी एकाच मध्यवर्ती फ्रिक्वेन्सीवर आणावे लागतात आणि जोडणीनंतर पुन्हा आपापल्या ब्लॉकमध्ये चढवावे लागतात. कन्व्हर्टर वाढले, वजन वाढलं. शिवाय एखाद्या टप्प्यात दोलक सिग्नलच्या वरच्या बाजूला असेल तर पट्टा उलटा होतो: वर गेलेला अ-ब-क हा क्रम खाली क-ब-अ असा येतो. आजचे मोडेम उलटं स्पेक्ट्रम आपोआप ओळखतात, पण प्लॅनच्या तक्त्याला ते कळत नाही. ऑपरेटरकडून अपलिंक-डाउनलिंक तक्ता मिळाला की स्लॉटच्या दोन्ही कडांच्या फ्रिक्वेन्सी स्वतः मांडून पाहाव्यात, फक्त मधली पाहून भागत नाही. मधली फ्रिक्वेन्सी उलट्या पट्ट्यातही तीच राहते.

आता फिल्टरांचा हिशेब. प्रत्येक बीम प्रत्येक बीमशी जोडायचा तर बीमच्या संख्येचा वर्ग करावा लागतो. 3 बीमना 9 फिल्टर, 8 ना 64, 32 ना 1024. शिवाय स्लॉटची रुंदी लोखंडावर कोरल्यासारखी कायमची होऊन बसते. मुंबई-पुणे पट्ट्यातून निघणारं ट्रॅफिक आणि एखाद्या आदिवासी तालुक्यातून निघणारं ट्रॅफिक सारखं नसतं, आणि पंधरा वर्षांच्या आयुष्यात ते बदलत राहतं. एक स्लॉट ओसंडून वाहतोय आणि शेजारचा रिकामा पडलाय, हे या पद्धतीचं जुनं दुखणं.

त्यावरचा पहिला उपाय सॉ फिल्टरांचा होता, म्हणजे स्फटिकाच्या पृष्ठभागावरून ध्वनिलहरी पळवणारे फिल्टर. कडा खूप तीव्र, आकार नखाएवढा, त्यामुळे लहान लहान फिल्टरांची बँक करून त्यातले हवे तेवढे स्विचने एकत्र जोडता येतात. 1996 पासून सोडलेल्या इन्मारसॅट-3 मालिकेत बँडविड्थ बीममध्ये वाटण्यासाठी हेच तंत्र होतं. त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक, अशा फिल्टरात पंधरा-वीस डीबी (डेसिबल, सिग्नलच्या ताकदीचं गुणोत्तर मोजण्याचं माप) सहज जातात, ते पुढच्या ॲम्प्लिफायरने भरून काढावे लागतात. दोन, तापमान. क्वार्ट्झ स्थिर असतं पण रुंद पट्ट्याला चालत नाही. लिथियम नायोबेट रुंद पट्टा देतं, पण दर अंशाला दहा लाखात सुमारे 90 भाग सरकतं. 140 मेगाहर्ट्झवर हे अंशामागे साडेबारा किलोहर्ट्झ झाले. 30 अंशांच्या फरकात पावणेचारशे किलोहर्ट्झ. गार्ड बँड उगाच ठेवत नाहीत, त्यात हा सरकणारा भागही धरलेला असतो.

दुसरा आणि आजचा उपाय म्हणजे डिजिटल चॅनलायझर. बीमचा पूर्ण पट्टा एडीसीने अंकांत आणायचा, पॉलिफेज फिल्टर आणि एफएफटी या गणिती पद्धतींनी त्याचे बारीक उपपट्टे करायचे, हवा तो उपपट्टा हव्या त्या बीमकडे आणि हव्या त्या फ्रिक्वेन्सीवर वळवायचा आणि पुन्हा सांधून डीएसीतून (अंकांचा पुन्हा सिग्नल करणाऱ्या चिपमधून) बाहेर काढायचा. डेटा इथेही वाचला जात नाही. मॉड्युलेशन (लहरीवर डेटा चढवण्याची पद्धत), कोडिंग सगळं तुमचंच राहतं. 2000 साली सोडलेल्या थुरायाने मोबाइल सेवेत हे केलं. 2007 पासूनच्या अमेरिकी डब्ल्यूजीएस उपग्रहांत उपपट्टा 2.6 मेगाहर्ट्झचा आहे.

या उपपट्ट्याच्या जाळीकडे प्लॅन करणारे दुर्लक्ष करतात आणि पैसे घालवतात. 2 मेगासिम्बॉलचा (सेकंदाला वीस लाख सिम्बॉल, म्हणजे डेटाचे ठोके, पाठवणारा) कॅरिअर, म्हणजे डेटा वाहणारी लहर, 0.20 रोल-ऑफने (कडांना लागणाऱ्या जादा जागेने) 2.4 मेगाहर्ट्झ घेतो. तो एका 2.6 च्या खान्यात नीट बसतो. पण त्याची मधली फ्रिक्वेन्सी खान्याच्या सीमेवर पडली तर तोच कॅरिअर दोन खाने अडवतो. 5 मेगासिम्बॉलचा 6 मेगाहर्ट्झ होतो, त्याला तीन खाने लागतात आणि 1.8 मेगाहर्ट्झ वाया जातात. तिथे सिम्बॉल रेट थोडा वाढवून जागा भरून घेणं शहाणपणाचं.

डिजिटल चॅनलायझरमध्ये आणखी एक खोड आहे. एडीसीला पूर्ण पट्टा एकदम दिसतो. त्यात एक कॅरिअर बाकीच्यांपेक्षा 15 डीबीने जोरात असेल तर एडीसीची सगळी उंची तोच खातो आणि बारीक कॅरिअर क्वांटायझेशनच्या (अंकांत आणताना आकडे जवळच्या पायरीवर गोल करण्याच्या) गोंगाटात बुडतात. बिटामागे 6 डीबी मिळतात हे खरं, पण अनेक कॅरिअरांसाठी शिखरांना जागा सोडावी लागते. त्यामुळे आदर्श 8 बिटांना प्रत्यक्षात सुमारे 40 डीबीच सिग्नल-गोंगाट गुणोत्तर मिळतं.

आता ज्या जागी सर्वाधिक लिंक बिघडतात तिकडे येऊ: डाउनलिंकचा टीडब्ल्यूटी ॲम्प्लिफायर (सिग्नल खाली पाठवण्याआधी त्याला ताकद देणारी ट्यूब). आपल्या उदाहरणात बीम 2 च्या एका ट्यूबमधून तीन बीमहून आलेले कॅरिअर एकत्र जातात. ट्यूब पूर्ण ताकदीला नेली की ते एकमेकांत मिसळून नवे सिग्नल तयार होतात. त्यातले तिसऱ्या दर्जाचे, म्हणजे दुप्पट पहिला वजा दुसरा किंवा पहिला अधिक दुसरा वजा तिसरा, थेट तुमच्याच पट्ट्यात पडतात. म्हणून आउटपुट बॅक-ऑफ (पूर्ण ताकदीपेक्षा किती खाली चालवायचं ते) 3 ते 4 डीबी ठेवतात, लिनिअरायझर (ट्यूबची विकृती आधीच भरून काढणारं सर्किट) असेल तर थोडा कमी. इथे एक नियम हाताशी ठेवा: सगळे कॅरिअर 1 डीबीने खाली घेतले की कॅरिअर आणि मिसळणीतलं अंतर साधारण 2 डीबीने सुधारतं. उलट दिशेलाही हेच. कारवारच्या एखाद्या टर्मिनलवाल्याने ‘सिग्नल कमी वाटतोय’ म्हणून पॉवर 3 डीबीने चढवली तर त्याचा फायदा होतो की नाही कोण जाणे, पण त्याच ट्यूबमधल्या महाप्याच्या कॅरिअरांची गुणवत्ता नक्की घसरते.

ट्रान्सपाँडर (सिग्नल घेऊन परत पाठवणारा उपग्रहावरचा संच) एएलसीवर (आपोआप पातळी-नियंत्रणावर) असेल तर परिस्थिती आणखी बिकट. एएलसी एकूण पातळी स्थिर ठेवतं, म्हणजे एक चढला की बाकी सगळे दबतात. बहुकॅरिअर स्लॉटसाठी फिक्स्ड गेन मोड (ॲम्प्लिफायरची वाढ कायम ठेवणारी सेटिंग) मागून घ्यावा, आणि तो लेखी घ्यावा. आणि पॉवर वाटताना ‘सगळ्यांना सारखी’ असं नसतं, दर हर्ट्झमागे सारखी हवी: 5 मेगासिम्बॉलच्या कॅरिअरपेक्षा 0.5 मेगासिम्बॉलचा कॅरिअर 10 डीबी खाली असला पाहिजे.

एकबीम उपग्रहावर वाढलेल्या माणसाला सगळ्यात जास्त चकवणारी गोष्ट वेगळीच आहे. महाप्याहून गडचिरोलीला पाठवलेला कॅरिअर महाप्याच्या स्पेक्ट्रम ॲनालायझरवर (कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणाऱ्या यंत्रावर) दिसत नाही. तो बीम 2 मध्ये उतरतो, आणि तुम्ही बीम 1 मध्ये बसलाय. वर गेला की नाही, किती पातळीवर गेला, शेजाऱ्याच्या अंगावर चढला का, काहीच घरबसल्या कळत नाही. यातून तीन गोष्टी निघतात.

पहिली: ज्या ज्या बीममध्ये तुमचा सिग्नल उतरतो तिथे एक छोटा मॉनिटरिंग ॲनालायझर ठेवा. ग्राहकाच्या मोठ्या साइटवर डिशच्या एलएनबीनंतर (डिशवरच्या रिसीव्हरनंतर) स्प्लिटर टाकून काम होतं. ॲनालायझर नेटवर जोडलेला असला की हबवरून पाहता येतो.

दुसरी: स्वतःचा सिग्नल खाली ऐकून पॉवर सुधारण्याची बंद-चक्र पद्धत चालत नाही. उपग्रहाचा बीकन (तो सतत पाठवत असलेला ठरलेल्या ताकदीचा खुणेचा सिग्नल) मोजून, डाउनलिंकच्या घटीवरून अपलिंकची घट काढून उघड्या चक्राने पॉवर द्यावी लागते. याच कारणाने, दोन कॅरिअर एकाच जागी एकावर एक ठेवून स्वतःचा वजा करण्याचं तंत्रही वेगवेगळ्या बीममधल्या दोन टोकांना लागू होत नाही. त्याला स्वतःचा परत आलेला सिग्नल लागतोच. बँडविड्थ वाचेल म्हणून कोणी ते विकायला आलं तर आधी स्लॉटचा नकाशा समोर ठेवा.

तिसरी: हस्तक्षेप करणारा एका बीममध्ये आणि त्रास दुसऱ्या बीममध्ये असतो. गडचिरोलीत गोंगाट दिसला म्हणून तिथल्या साइट एकेक करून बंद करून बघणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आधी गोंगाट कोणत्या स्लॉटमध्ये आहे ते पाहा. बीम 2 च्या डाउनलिंकमध्ये ब स्लॉट खराब असेल तर आरोपी बीम 1 च्या अपलिंकवर आहे, क असेल तर बीम 3 वर. मोडेममध्ये कॅरिअर आयडी (सिग्नलमध्येच मिसळलेली पाठवणाऱ्याची ओळख) चालू असेल तर पुढचा शोध मिनिटांत संपतो. नसेल तर दिवस जातात.

चुकीच्या बीममध्ये कॅरिअर जाण्याची कारणं फार करून थर्मल किंवा डॉप्लर यांसारखी नसतात. बीयूसीचा (मोडेमचा सिग्नल अपलिंक फ्रिक्वेन्सीवर चढवून ताकद देणाऱ्या डिशवरच्या यंत्राचा) दोलक 13.05 गिगाहर्ट्झचा असताना संदर्भ-दोलकात दहा लाखात एक भाग चूक झाली तर 13 किलोहर्ट्झ सरकतं. 128 किलोसिम्बॉलच्या बारीक कॅरिअरला हे जाणवतं, पण त्याने बीम बदलत नाही. बीम बदलतो तो माणसाच्या हाताने. 14.125 गिगाहर्ट्झवर पाठवायचं, दोलक 13.05, तर मोडेममधून 1075 मेगाहर्ट्झ सोडायचे. पावसाळ्यात बीयूसी जळला, रात्री भिवंडीच्या गोदामातून दुसरा आणून लावला, आणि तो रुंद पट्ट्याचा, 12.80 दोलकाचा निघाला. मोडेमची सेटिंग तीच राहिली तर कॅरिअर 13.875 ला जातो: 250 मेगाहर्ट्झ खाली, दुसऱ्याच कोणाच्या घरात. म्हणून बीयूसी बदलल्यावर क्रम चुकवू नये. आधी लेबलवरचा दोलक वाचा आणि मोडेममध्ये घाला. 10 मेगाहर्ट्झ संदर्भ केबलवर आहे ना तपासा. मग ऑपरेटरच्या नियंत्रण केंद्राला फोन लावून त्यांनी दिलेल्या मोकळ्या फ्रिक्वेन्सीवर, अगदी कमी पॉवरने, मॉड्युलेशन नसलेला कॅरिअर सोडा. त्यांना तो दिसला की विरुद्ध (काटकोनातल्या) ध्रुवीकरणावर किती गळतोय ते विचारा. 30 डीबी अंतर मिळेपर्यंत फीड (डिशसमोरचा सिग्नल सोडणारा भाग) फिरवा. चार रंगांच्या उपग्रहावर तुमच्या विरुद्ध ध्रुवीकरणावर दुसरा बीम चाललेला असतो, तेव्हा इथली ढिलाई म्हणजे शेजाऱ्याच्या घरात पाणी. यानंतर बीयूसीचा 1 डीबी दाब-बिंदू (जिथून त्याची ताकद पुरी पडेनाशी होते ती पातळी) काढा, कॅरिअर आपल्या जागी न्या, मॉड्युलेशन चालू करा आणि पॉवर दूरच्या टोकाच्या मापावर ठरवा.

स्लॉटच्या कडेला फिल्टरचा समूह-विलंब (प्रत्येक फ्रिक्वेन्सीला फिल्टरातून जायला लागणारा वेळ) वाकडा असतो. तिथे 16एपीएसके (एका सिम्बॉलमध्ये जास्त बिट कोंबणारं मॉड्युलेशन) ठेवलंत तर कॅरिअरची पातळी उत्तम दिसूनही चुका येत राहतात. रुंद आणि वरच्या मॉड्युलेशनचे कॅरिअर मधे, क्यूपीएसकेचे (साध्या मॉड्युलेशनचे) बारीक कडेला.

लिंक बजेटमध्ये चार गोंगाट बेरजेला घ्यावे लागतात, दोन नव्हे. समजा सिग्नल-गोंगाट गुणोत्तर असं आहे: अपलिंक 20 डीबी, डाउनलिंक 14, मिसळण 18, आणि त्याच रंगाच्या इतर बीमचा हस्तक्षेप 17. एकेक आकडा ठीक वाटतो. डीबीतून साध्या गुणोत्तरात आणून, उलटे करून बेरीज केली की हातात 10.7 उरतात. डीव्हीबी-एस2 या उपग्रह-प्रसारण मानकात 8पीएसके 3/4 ला (मॉड्युलेशन आणि कोडिंगचा दर) सुमारे 7.9 लागतात, म्हणजे पावणेतीन डीबी मोकळे. 16एपीएसके 3/4 ला 10.2 लागतात, ते कागदावर बसतं, पहिल्या ढगात पडतं.

आणि ढग आपल्याकडे कमी नाहीत. 74 अंश पूर्वेच्या उपग्रहाकडे नवी मुंबईतून उंचीचा कोन सुमारे 67 अंश येतो, त्यामुळे पारसिकचा डोंगर आडवा येत नाही आणि पावसातली वाटही साडेपाच किलोमीटरच्या आसपास राहते. पण तासाला 50 मिलिमीटर पावसात 14 गिगाहर्ट्झवर (केयू-बँड) किलोमीटरमागे 3 डीबीच्या वर आणि 30 गिगाहर्ट्झवर (केए-बँड) जवळपास 10 डीबी जातात. केए-बँड हबला पर्यायी जागा हवीच. ती ठाण्यात किंवा पनवेलला घेण्यात अर्थ कमी. जुलैमध्ये कोकणपट्टी एकदमच भिजते. घाटापलीकडे, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत घेतलेली जागा खरी उपयोगी. पावसातल्या बिघाडाचं निदान सोपं आहे: सगळ्या बीममधली टर्मिनलं एकदम घसरली तर हबचा अपलिंक भिजतोय, एकच बीम घसरला तर पाऊस तिकडे. पाऊस थांबून दोन तास झाले तरी घसरण गेली नाही तर फीडच्या पडद्यावर किंवा कनेक्टरमध्ये पाणी आहे. खाडीच्या खाऱ्या हवेत कनेक्टरवर स्वतः चिकटणारी रबरी टेप दरवर्षी मे महिन्यात बदलून टाकावी.

शेवटी, हे सगळं मेश जोडणीसाठी, म्हणजे जव्हारहून थेट गडचिरोलीला जाण्यासाठी. भारतावरचे मोठ्या क्षमतेचे उपग्रह बहुतेक हब-केंद्री आहेत. 2018 च्या जीसॅट-11 वर केयू-बँडचे 32 वापरकर्ता बीम आणि केए-बँडचे 8 हब बीम आहेत, म्हणजे सरासरी एका हब बीममागे चार वापरकर्ता बीम; हबच्या अपलिंकमधला कोणता ब्लॉक, त्यावर त्यातला कोणता बीम हे ठरतं. नोव्हेंबर 2024 मध्ये गेलेल्या जीसॅट-एन2 वरही 32 वापरकर्ता बीम आहेत, त्यातले 8 अरुंद बीम ईशान्येसाठी. अशा रचनेत फिल्टरांची संख्या वर्गाने न वाढता बीमइतकीच राहते, पण टर्मिनलहून टर्मिनलला जाताना हबवरून दोन उड्या होतात. एका उडीला वर-खाली मिळून 241 मिलिसेकंद. दोन उड्यांना एका दिशेने अर्ध्या सेकंदाच्या जवळ, त्यावर मोडेमचा विलंब वेगळा. एटीएम आणि बँकेच्या व्यवहाराला चालतं, बोलण्याला त्रासाचं.

तुमच्या तीन ठिकाणांपैकी आवाज आणि व्हिडिओ फक्त हबशी बोलणार असतील तर मेशचा स्लॉट विकत घेऊ नका. गडचिरोली-कारवार थेट बोलायचं असेल तर फ्रिक्वेन्सी-विभागणीच (प्रत्येकाला स्वतःची फ्रिक्वेन्सी) घ्या, वेळ-विभागणी नको: दहा टर्मिनलांनी एकच कॅरिअर वेळ वाटून वापरला तर प्रत्येकाला आपल्या पाळीत दहापट, म्हणजे 10 डीबी जास्त पॉवर लागते आणि 2 वॉटचा बीयूसी पुरत नाही. करारात मात्र स्लॉटच्या दोन्ही कडांच्या फ्रिक्वेन्सी, गेन मोड, बीकनची फ्रिक्वेन्सी, आणि डिजिटल चॅनलायझर असेल तर जोडणीचा नकाशा बदलण्याआधी किती तासांची सूचना मिळणार, हे चारही मुद्दे लिहून घ्या.